व्यसन एक, न्याय अनेक

दारू कोणाच्याही पोटात गेली तरी तिचे काम एकच असते. ती मेंदूवर अंमल बसवते, यकृत पोखरते आणि हळूहळू अशी अवस्था आणते की ती मिळाली नाही तर हात कापू लागतात. शरीर जात, वर्ग किंवा लिंग पाहत नाही. समाज मात्र पाहतो. बंगल्यात पिणारा 'शौकीन' ठरतो आणि गुत्त्यातून झोकांड्या खात निघणारा 'बेवडा'. स्त्री प्याली तर तिच्यासाठी वापरले जाणारे शब्द या अंकात छापण्याजोगे नाहीत. या तिघांनाही 'रुग्ण' म्हणायला मात्र आपली जीभ रेटत नाही. या भेदभावाचा परिणाम उपचारांवर कसा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कायद्याचा इतिहास

हा भेद आजचा नाही. पश्चिम भारतातील आदिवासी मोहाची दारू घरच्या घरी गाळीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क सरकार आणि मक्तेदारांच्या हाती गेला. घरची वस्तू दुकानात विकत घ्यावी लागू लागली व त्यातून कर्ज वाढले. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत आदिवासींनी 'देवी'च्या आज्ञेने दारू-ताडी सोडण्याची जी मोठी चळवळ केली, तिचा उगम पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत झाला होता. दारू सोडण्याची इच्छा गरिबांत नसते, या समजाला हे चोख उत्तर आहे.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्यासोबत परवानाही आला. आरोग्य राखण्यासाठी म्हणून दारू बाळगण्याचा परवाना ऐपतदाराला मिळू शकला. ज्याची ऐपत नव्हती तो हातभट्टीकडे वळला. बंदी पुढे सैल झाली, पण हातभट्टी राहिली. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक कष्टकरी होते.

आजार, दुर्गुण नव्हे

व्यसनाधीनता हा आजार आहे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केली आहे. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. तरीही उपचार किती जणांपर्यंत पोहोचतात? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आढळले. जे पूर्णपणे दारूच्या आहारी गेले आहेत, अशा ३८ जणांतून एकालाच काही ना काही उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक!

उपचारांचे स्थूलमानाने दोन टप्पे असतात. पहिला शरीरातील विष उतरविण्याचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर कंप, भास, झटके येऊ शकतात. प्रसंगी प्राणही जातो. म्हणून औषधे व 'ब-१' जीवनसत्त्व देऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे काम साधारण आठवडाभरात करतात. शपथ घालून माणसाला खोलीत कोंडणे हा उपचार नव्हे, तो धोका आहे. दुसरा टप्पा लांबचा असतो. समुपदेशन, गटसभा, कुटुंबाचा सहभाग, आणि पाय पुन्हा घसरला तर न रागावता पुन्हा सुरुवात. मधुमेही माणसाची साखर वाढली म्हणून आपण त्याला वाऱ्यावर सोडीत नाही. मग येथेच का सोडतो?

सर्वांना एकच माप चालत नाही

आजार एक असला तरी रुग्णाची परिस्थिती एक नसते. महिनाभर केंद्रात राहणे नोकरदाराला रजा काढून जमते. रोजंदारीवरच्या मजुराची तेवढ्या दिवसांची चूल बंद होते. त्याला कामाच्या वेळेनंतर भरणाऱ्या सभांचा आधार असतो. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींनी सुरू केलेली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना १९५७ पासून भारतात आहे. तेथे फी नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. तरुण मुले 'गर्द'च्या विळख्यात सापडत होती, तो हा काळ. अनिल अवचटांचे गर्दविषयक लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी या कामाला आर्थिक पाठबळ दिले. व्यसनी माणसाची पत्नीही आतून मोडलेली असते, हे ओळखून तेथे 'सहचरी' हा गट उभा राहिला. व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग झाला. त्याची गरज मोठी होती. नवऱ्याला बायको केंद्रात आणते. बायकोला आणणारे फार थोडे. घराण्याच्या अब्रूसाठी तिचा आजार दडविला जातो. खेड्यांतून कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे मिश्री लावतात, पण तिला व्यसन मानायला घरातले कोणी तयार नसते.

रेल्वे फलाटावर सोल्यूशन हुंगणारे पोर याहून एकटे. वरील पाहणीतही हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक दिसले. त्याला प्रथम हवे जेवण, निवारा आणि विश्वासाचे माणूस, औषध त्यानंतर.

गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीमुळे. त्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा पुढाकार होता. केवळ बंदीने भागत नाही हे जाणून २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमातून उपचारही गावापर्यंत नेले गेले. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले जाते. पण बंदी असो वा नसो, जो आज आजारी आहे त्याला दवाखाना लागतोच, हा मुद्दा वादात हरवू नये.

आपले काम

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न आपल्या वसतिगृहाच्या दारापर्यंत आलेला आहे. अमली पदार्थ घेणारा मित्र पोलिसांच्या भीतीने बोलत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने मान्य संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हे किती जणांना ठाऊक आहे? १४४४६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, हे तरी किती जणांना माहीत आहे? या दोन गोष्टी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावायला खर्च येत नाही.

व्यसनी माणसाला 'का पितोस?' असे विचारणारे घरोघरी असतात. त्याचे उत्तर बहुधा त्याच्यापाशीही नसते. 'सोडायचे असेल तर मी बरोबर येतो' असे म्हणणारा एखादाच. अडतीस जणांतल्या त्या एकाच्या मागे बहुधा असा एखादा माणूस उभा असतो. उरलेल्या सदतीस जणांनाही तो मिळाला पाहिजे. मग ते बंगल्यातले असोत, चाळीतले असोत, पाड्यावरचे असोत की फलाटावरचे.