मधपेटीवरची मधकोठी : कधी ठेवायची, कधी काढायची?

मधमाशीचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न वर्गातून हमखास येतो. "सर, माश्या मध स्वतःसाठी साठवतात ना? मग तो आपण काढून घेतला तर त्या काय खाणार?" याचे उत्तर आपण एका वाक्यात उरकतो : आधुनिक पेटीमुळे माश्यांना त्रास न देता मध काढता येतो. परीक्षेत या वाक्याला गुणही मिळतात. पण प्रश्न काही सुटत नाही. कारण आधुनिक पेटी असूनसुद्धा माणूस माश्यांना उपाशी मारू शकतो. कसे, ते कळायला पेटीच्या वरच्या मजल्यावर जावे लागेल. त्या मजल्याला म्हणतात मधकोठी. मधपाळांच्या रोजच्या बोलण्यात नुसते 'सुपर'.

आधी पेटीशिवायचे पोळे डोळ्यांसमोर आणा. झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत सातेरी माश्यांचे मोहोळ असते. एकाशेजारी एक पोळी लटकलेली असतात. त्यातले एखादे नीट पाहिले तर एक शिस्त दिसते. सर्वांत वर मध, त्याच्या खाली परागाचा पट्टा आणि त्याखाली अंडी, अळ्या, कोष. म्हणजे कोठार वर आणि पाळणाघर खाली. जुन्या पद्धतीत काय होई? धूर करून माश्या हुसकायच्या, अख्खे पोळे कापायचे आणि फडक्यात घालून पिळायचे. मधाबरोबर अळ्यांचा रसही त्यात उतरे. पिलेही गेली, मेणाचे घरही गेले. ती वसाहत पुन्हा उभी राहिली तर तिचे नशीब.

मधकोठीची कल्पना माश्यांच्या याच शिस्तीवर उभी आहे. कोठार वर असते ना, मग ते वेगळे उचलता येईल असे करू. अमेरिकेतले पाद्री लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी 1851 साली एक गोष्ट हेरली. पेटीतल्या दोन भागांमध्ये साधारण 9 मिलिमीटरची फट ठेवली तर माश्या ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. फट याहून मोठी असेल तर तिथे पोळे बांधतात, लहान असेल तर डिंकासारख्या पदार्थाने लिंपून टाकतात. ही फट चौकटीभोवती सोडली की चौकट भिंतीला चिकटत नाही आणि पुस्तकाच्या पानासारखी सुटी बाहेर निघते. हे युरोपीय माशीचे माप झाले. आपली सातेरी अंगाने लहान, तिला फटही थोडी कमी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातले फादर न्यूटन यांनी आपल्या माशीला बेतशीर होईल अशी छोटी पेटी बनवली. आजही ती 'न्यूटन पेटी' म्हणून ओळखली जाते. या पेटीत खाली उंच चौकटींची पिलांची कोठी असते आणि तिच्यावर साधारण निम्म्या उंचीची मधकोठी.

वरची कोठी बुटकी का, हे कधी तुमच्या मनात आले का? सातेरीचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. एका पेटीचा वर्षाचा मध साधारण पाच ते दहा किलो, तोही हंगाम चांगला असेल तर. उंच चौकट दिली तर ती अर्धीच भरायची आणि मध कच्चा राहायचा. बुटकी चौकट लवकर भरते आणि लवकर बंद होते.

आता थोडे गणित करू या, कारण मधकोठी वेळेवर का द्यायची हे त्यातूनच कळते. माशी फुलातून आणते तो मध नसतो, मकरंद असतो. समजा त्यात 30 टक्के साखर आहे आणि बाकीचे बहुतेक पाणी. पक्क्या मधात पाणी 20 टक्के धरू, म्हणजे साखर 80 टक्के. मग 1 किलो मधात 800 ग्रॅम साखर झाली. एवढी साखर यायला मकरंद किती लागेल? 800 भागिले 0.30, म्हणजे 2 किलो 667 ग्रॅमच्या आसपास. यातले 1 किलो 667 ग्रॅम पाणी माश्यांनी उडवायचे! तेही कसे? मकरंदाचा थेंब एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जातो, मग तो षटकोनी घरांमध्ये थोडा थोडा पसरून ठेवला जातो आणि रात्रभर पंखांनी वारा घातला जातो. फुलांच्या दिवसांत संध्याकाळी पेटीजवळ कान नेऊन बघा, आतून जी घरघर ऐकू येते ती हीच.

या गणिताचा अर्थ लक्षात घ्या. पक्का मध ठेवायला जेवढी घरे लागतात, त्याहून पुष्कळ जास्त घरे कच्चा मकरंद पसरायला लागतात. आपण मधकोठी द्यायला आठ-दहा दिवस उशीर केला तर माश्या मकरंद ठेवणार कुठे? पिलांच्या घरांत. एक पिलू बाहेर पडून घर रिकामे झाले की लगेच त्यात मकरंद भरला जातो. राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. मग माश्या नवी राणी तयार करायला घेतात आणि जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन निघून जाते. ऐन हंगामात वसाहत फुटली की त्या पेटीच्या मधावर पाणी सोडायचे.

"मग सर, कोठी आधीपासूनच ठेवून द्यावी की!" हाही प्रश्न ठरलेलाच. तर तेही चालत नाही. पिलांना 34-35 अंश सेल्सिअस ऊब लागते. ती माश्या स्वतःच्या अंगाच्या उष्णतेने राखतात. गरम हवा वर चढते हे तुम्हाला विज्ञानात माहीत आहेच. माश्या थोड्या आणि डोक्यावर रिकामा मजला, म्हणजे थंडीत उघड्या दाराच्या खोलीत झोपण्यासारखे. शिवाय रिकाम्या, राखण नसलेल्या पोळ्यात मेणकिडा शिरतो. त्याच्या अळ्या मेण पोखरत जातात आणि मागे नुसती जाळी उरते.

वेळ ओळखायची ती कॅलेंडरवरून नव्हे, पेटी उघडून. खालच्या सगळ्या चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात. चौकटींच्या वरच्या कडेला पांढरेशुभ्र नवे मेण दिसायला लागले, तर मकरंद येतोय आणि जागा कमी पडतेय असे समजा. पोळ्याच्या वरच्या भागात मधाचा पट्टा चांगला रुंद झालेला असतो. आणि पेटीबाहेर नजर टाकली तर झाडे सांगतातच. महाबळेश्वर-जावळीच्या रानात जांभूळ, गेळा, हिरडा फुलायला लागले की उन्हाळ्याचा हंगाम आला. पावसाळा सरताना माळावर कारळा पिवळा होतो, आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते तेव्हा तर मधपाळाला उसंत नसते.

मधकोठीत आधी बांधलेली पोळी असतील तर सोन्याहून पिवळे. कामकरी माशी मेण स्वतःच्या पोटाखालच्या ग्रंथींतून काढते, आणि एक किलो मेणासाठी सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असा मधपाळांचा ढोबळ हिशोब आहे. म्हणून मध काढल्यावर रिकामे पोळे जपून ठेवणे हे पैसे जपून ठेवण्यासारखेच. पोळी नसतील तर चौकटीत मेणपत्र्याची पट्टी लावून द्यायची. काही जण दोन कोठ्यांच्या मध्ये राणीला अडवणारी जाळी बसवतात. तिच्यातून कामकरी माशी जाते, अंगाने मोठी असलेली राणी अडकते. सातेरीच्या बुटक्या मधकोठीला ती दरवेळी लागतेच असे नाही, असे माझे मत आहे. वर मधाचा रुंद पट्टा असला तर राणी सहसा तो ओलांडून जात नाही. पण वर एकदा जरी अंडी दिसली तर ती चौकट काढणीला घ्यायची नाही, हे ठरलेले.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. मधकोठी पेटीवर असताना साखरेचा पाक द्यायचा नाही. माशीला पाक आणि मकरंद यांत भेद नाही, ती दोन्ही नेऊन वरच ठेवते. मग आपण बाटलीत भरतो तो मध नसतो, माशीने आटवलेला साखरपाक असतो. कुणी म्हणेल, "माशीनेच तर केलाय!" पण तो फुलातला नाही. विकणाऱ्याला हे माहीत असते, घेणाऱ्याला नसते. औषधांचेही तसेच, कोठी वर असताना ती आत जाता कामा नयेत.

काढणी कधी करायची? मध पक्का झाला की माश्या त्या घरावर मेणाचे पातळ झाकण घालतात. चौकटीची निदान तीन-चतुर्थांश घरे अशी बंद झाली की ती काढायला तयार झाली. एक सोपी परीक्षा आहे. चौकट आडवी धरून हलका झटका द्यायचा. उघड्या घरांतून थेंब उडाले तर मध कच्चा आहे, परत ठेवा. घाईने काढलेल्या मधात पाणी जास्त राहते, तो फसफसतो आणि आंबतो. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत मधातल्या पाण्याची मर्यादा 20 टक्के आहे. पश्चिम घाटातल्या दमट हवेत सातेरीचा मध तिथवर आणायला माश्यांना पुरेसा वेळ द्यावाच लागतो.

काढलेल्या चौकटींवरच्या माश्या हलकेच झाडून पेटीत सोडायच्या. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने मेणाची झाकणे तासायची आणि चौकट मधयंत्रात लावून फिरवायची. यंत्र गरगर फिरते तसा मध बाहेर फेकला जातो आणि पोळे शाबूत राहते. हे काम बंद खोलीत करायचे. मधाचे थेंब पेटीजवळ सांडले तर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटालूट करायला येतात, आणि एकदा ती लागली की दुबळी पेटी वाचत नाही.

आणि इथे आपण त्या पहिल्या प्रश्नाशी येतो. मधयंत्रात फक्त वरच्या कोठीच्या चौकटी जायला हव्यात. खालच्या कोठीत पिलांच्या वर जो मधाचा पट्टा असतो, तो माश्यांचा. दिसायला तोही तसाच, चवीलाही तसाच. मे महिन्याच्या शेवटी मधाला भाव असतो, वरची कोठी उतरवलेली असते, हातात सुरी असते आणि खालच्या चौकटीतला मध डोळ्यांना दिसत असतो. मोह होतो तो इथे. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीत पाऊस कोसळत असतो. दिवसचे दिवस माशी बाहेर पडू शकत नाही, पडलीच तर फुलातला मकरंद धुऊन गेलेला असतो. खालचा पट्टा कापून नेला तर राणी अंडी घालणे थांबवते, माश्या कमी होत जातात, आणि मग एके दिवशी उरलेल्या माश्या पेटी सोडून उडून जातात. सातेरीची ही सवयच आहे. लोक म्हणतात, "माश्या पळाल्या." पळाल्या खऱ्या, पण कशामुळे, ते आपणच ओळखायचे.

महाबळेश्वरजवळचे मांघर हे 2022 साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. अशा गावात सहल नेलीत तर मधपाळांना मध किती निघतो हे जरूर विचारा, पण पावसाळ्यात पेटीची काळजी कशी घेता, हेही विचारा. ऐकण्यासारखे तिथेच जास्त असते.

पावसाआधी रिकामी मधकोठी उतरवायची, पोळ्यांच्या चौकटी मेणकिड्यापासून सांभाळून घट्ट बंद ठेवायच्या. पेटीच्या झाकणावर दगड, पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या. दर पंधरवड्याला पेटी मागच्या बाजूने बोटभर उचलून पाहायची, वजनावरून आतला साठा कळतो. हलकी लागली तर समभाग साखर आणि पाण्याचा पाक संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवायचा. आता तो चालतो, कारण वर कोठी नाही आणि हा मध आपण खाणार नाही. मग पाऊस उघडला, कारळ्याची पहिली फुले दिसली की झाकण उचलून बघा. चौकटींच्या कडेला पांढरे मेण आले असेल, तर माळ्यावरून त्या जपून ठेवलेल्या चौकटी खाली काढायची वेळ झाली.