चौकातील एक तास

रस्त्याने आपण रोज जातो; परंतु रस्ता आपण पाहतो का? वाट पायांना पाठ झालेली असते. त्यामुळे डोळ्यांना काम उरत नाही. पुण्यात मुख्याध्यापक असताना मी एकदा सातवीच्या वर्गाला घेऊन एका गजबजलेल्या चौकात गेलो आणि एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर मुलांना तासभर बसविले. काम एकच होते : माणसे कशी चालतात आणि सायकली कशा चालवितात, ते पाहावयाचे व वहीत टिपून ठेवावयाचे.

एक मुलगा म्हणाला, "सर, यात पाहायचे काय? आपल्या लोकांना शिस्तच नाही. पदपथ सोडून सगळे रस्त्यातून चालतात."

"अवश्य लिही," मी म्हणालो, "पण का चालतात, तेही शोधून लिही."

मुले पाहू लागली. मूल कडेवर घेतलेली एक बाई पदपथावरून येत होती. वाटेत विजेचा खांब होता, त्याला खेटून दोन स्कूटर उभ्या होत्या आणि पुढे फरशी उखडली होती. बाई थबकली, रस्त्यावर उतरली आणि दहा पावलांनी पुन्हा पदपथावर चढली. तिच्यामागून आलेल्या प्रत्येकाने तेच केले. "शिस्त नाही" हे वहीतील वाक्य त्या मुलाने हळूच खोडले.

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. आता मोटारी व स्कूटर यांच्या गर्दीतून तुरळक सायकली वाट काढतात. दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलस्वार लाल दिवा दिसताच दुरूनच वेग कमी करी आणि दिवा हिरवा होईपर्यंत पाय न टेकता रेंगाळत येई. याचे कारण मुलांनीच शोधले : थांबलेली जड सायकल पुन्हा चालू करताना सर्वांत अधिक श्रम पडतात.

इतक्यात पलीकडे जाण्यासाठी एक वृद्ध आजी येऊन उभ्या राहिल्या. हिरवा दिवा लागला; त्या चार पावले पुढे आल्या आणि परत फिरल्या. दुसऱ्यांदा तसेच झाले. तिसऱ्यांदा तो मुलगा धावत गेला व हात धरून त्याने त्यांना पलीकडे पोहोचविले. परत आल्यावर तो म्हणाला, "सर, उद्या मी इथे नसेन, मग आजी कशा जातील?"

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हिशेब मांडला. रस्ता २० मीटर रुंद होता. धडधाकट माणूस सेकंदाला सुमारे सव्वा मीटर चालतो. त्याला १६ सेकंद पुरतात. हिरवा दिवा १८ सेकंद राहत असे. परंतु सेकंदाला ०·८ मीटर चालणाऱ्या आजींना २५ सेकंद हवेत. म्हणजे दिवा बदलला, की साडेपाच मीटरांहून अधिक रस्ता त्यांना वाहनांच्या तोंडी चालावा लागणार! आजींची भीती अनाठायी नव्हती. त्यांना गणित न मांडताच उत्तर कळले होते.

असे निरीक्षण हा मोठ्या माणसांचाही अभ्यासविषय आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १९६२ साली मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद करण्यात आला. वास्तुशास्त्रज्ञ यान गेल यांनी तेथे उभे राहून चालणारी व बसणारी माणसे मोजली. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांचे चित्रण केले. त्यांना आढळले, की ओळखीची माणसे भेटली, म्हणजे बाजूला न होता भर वर्दळीतच गप्पा मारीत उभी राहतात. आपल्या लक्ष्मी रस्त्यावर तरी निराळे काय दिसते? त्याच रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त वाहनांना बंद ठेवला होता.

मुलांनी आपली टिपणे व हिशेब जोडून संबंधित कार्यालयास पत्र पाठविले. उत्तर येण्यास फार दिवस लागले. परंतु हिरव्या दिव्याची वेळ वाढली. खांब मात्र तेथेच राहिला.

मुलांनो, माणूस वाकड्या वाटेने जाताना दिसला, तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या पायांखालची वाट पाहा.

स्वाध्याय

१. "शिस्त नाही" हे वाक्य मुलाने का खोडले?
२. "त्यांना गणित न मांडताच उत्तर कळले होते," असे लेखक का म्हणतो?
३. पत्रासोबत टिपणे व हिशेब जोडल्याने काय साधले असेल?
४. 'अनाठायी', 'तुरळक', 'थबकणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. शाळेजवळच्या रस्त्याचे मोठ्या माणसांसोबत अर्धा तास निरीक्षण करा व दहा ओळी लिहा.