माळवदाची गळती आणि परसातील माती

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग हे गाव लागते. या भागात सिमेंटची घरे वाढली असली तरी माळवदाची जुनी घरे अजून राहती आहेत. कानडी बोलणारी मंडळी याच छपराला माळिगे म्हणतात. उन्हाळ्यात थंडावा देणारे, ज्वारी, डाळी व पापड वाळविण्यास अंगणासारखे उपयोगी पडणारे असे हे छप्पर आहे. त्याची देखभाल घरच्या माणसांना करता येते. मात्र ती जाणून केली नाही तर माळवदासारखे घातक छप्पर दुसरे नाही.

आपल्याकडे मृगात पाऊस येतो, पण जोर सप्टेंबरात असतो. त्यामुळे जूनमध्ये न गळलेले माळवद उत्तरा-हस्ताच्या पावसात अचानक ठिबकू लागते. अशा वेळी घरमालक घाईने वर जाऊन दोन-चार पाट्या माती टाकतो. गळती त्या दिवसापुरती थांबते. पुढील वर्षी पुन्हा तेच. खालची माती कोणी काढीत नाही. वीस-पंचवीस वर्षांत थर हातभर जाड होतो आणि आजोबांनी घातलेल्या तुळया मात्र त्याच राहतात.

हिशेब करून पाहावा. ओल्या मातीच्या एका घनफुटाचे वजन सुमारे ५० किलो धरावे. १० फूट रुंद व १२ फूट लांब खोलीवर ६ इंच माती असेल तर ६० घनफूट, म्हणजे सुमारे ३ टन भार झाला. थर एक फुटाचा झाला की ६ टन. एवढे ओझे निजलेल्या माणसांच्या डोक्यावर, वाळवी लागलेल्या लाकडाच्या आधाराने राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड छपरे कोसळणे हे त्या हानीचे मोठे कारण होते. भूकंप रोज होत नाही; पण संततधारेने भिजलेले माळवद खचण्यास भूकंपाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ वरून न करता खालून करावा. प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून बांधावी, मध्यभागी दोरी व तुळई यांत किती फरक पडतो ते मोजावे आणि भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे. पुढील वर्षी तो आकडा बदलला असेल तर तुळई खचत आहे. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक दाभणाने टोचून पाहावे, कारण ओल व वाळवी बहुधा तेथेच लागते. दाभण सहज आत गेले, किंवा वरून माती झरू लागली, तर प्रथम टेकू द्यावा, त्या खोलीत निजणे बंद करावे आणि जाणत्या सुताराला अथवा अभियंत्याला दाखवावे. अशा घरी ग्रामसेवकाने निःसंकोचपणे सांगावे की वर पाटीभरही माती टाकू नका व कोणी चढू नका.

लाकूड सुस्थितीत असेल तर गळती शोधावी. थेंब जेथे पडतो तेथेच भोक असते असे नाही. पाणी लाकडाच्या कडेने वाहत जाऊन दुसरीकडे ठिबकते. थेंबाची जागा दोन भिंतींपासून मोजून घ्यावी व तेवढ्याच मापाने वर खूण करून तिच्या चढाच्या बाजूस पाहावे. उंदराचे बीळ, हरळीची मुळे, झरोक्याची कड, कठड्याचा सांधा आणि पन्हळीचे बूड या ठिकाणी बहुतेक वेळा दोष सापडतो. पन्हळ तुंबलेली असणे हे कारण तर इतके सामान्य आहे की प्रथम तीच साफ करावी.

आता मातीची निवड. शेतातील काळी माती वापरू नये. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पहिल्याच सरीचे पाणी त्या भेगांतून घरात येते. जुन्या लोकांनी माळवदासाठी पांढरी किंवा चोपण माती पसंत केली, त्यामागे शास्त्र आहे. चोपण मातीत सोडियमचे प्रमाण अधिक असते. पावसाचे गोडे पाणी लागताच तिचे सूक्ष्म कण सुटे होऊन छिद्रांत बसतात व पाण्याची वाट बंद करतात. माती तशी आहे की नाही हे घरीच कळते. काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घेऊन त्यात सुकलेला बोराएवढा खडा अलगद सोडावा, ढवळू नये. काही वेळाने खड्याभोवती दुधाळ ढग पसरला तर माती चोपण समजावी. विहिरीचे मचूळ पाणी घेतल्यास हा ढग दिसत नाही व परीक्षा फसते.

काम वैशाख-ज्येष्ठात, शक्य तर एखाद्या वळवानंतर करावे. जेवढी नवी माती घालावयाची तेवढी किंवा तिच्याहून अधिक जुनी माती आधी खरवडून काढावी; हा नियम कधीही मोडू नये. खरवडताना सर्व बाजूंनी सारखे काढीत जावे, एका जागी ढीग करू नये. चाळलेल्या मातीत बारीक भुसा मिसळून ती ओलसर करावी, दोन इंचांचा थर पसरून चोपण्याने चोपावी आणि सावकाश वाळू द्यावी. पन्हळीकडे दहा फुटांस तीन-चार इंच उतार पुरे. उतार फार दिला तर ही माती धुपून जाते, न दिला तर पाणी साचते. थराखाली जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद अंथरल्यास थोड्या मातीत काम भागते.

काढलेली माती मात्र परसात टाकू नये. जो गुण छपरावर उपकारक, तोच भाजीच्या वाफ्यात घातक आहे. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. ही माती वाटेवर किंवा ओट्याच्या भरावात घालावी. कपडे धुण्याच्या सोड्याचे व साबणाचे पाणी रोज एकाच वाफ्यात सोडणाऱ्या घरांतही नकळत हेच घडते. पाणी दुर्मिळ म्हणून गृहिणी ते वाया जाऊ देत नाही, हे योग्यच. परंतु भांडी विसळल्याचे व भाजी धुतल्याचे पाणी वांगी-मिरचीला द्यावे आणि सोड्याचे पाणी वेगळ्या चरातून शोषखड्ड्याकडे न्यावे. वाफा आधीच चोपण झाला असल्यास माती परीक्षण करून अहवालात सांगितलेल्या प्रमाणात जिप्सम मिसळावे, शेणखत घालावे व निचऱ्यासाठी चर काढावा. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जातो. चर नसेल तर तो तेथेच राहील व जिप्समचा खर्च व्यर्थ जाईल.

पन्हळीचे पाणी परसात घ्यावयाचे असल्यास डागडुजीनंतरच्या पहिल्या दोन-तीन सरींचे गढूळ पाणी बाहेर सोडावे आणि नंतर पन्हळीखाली रांजण ठेवावा.