पेरणीआधी बांधावरचा पाला आवरा

मकरपुऱ्यात आता शेतांपेक्षा कारखान्यांची कुंपणंच जास्त. तरी माणेजा-जांबुव्याकडे अजून कपाशी, तुवेर दिसते आणि बंगल्यांच्या मागे भेंडी-गवारीचे वाफे आहेतच. बांधाला नीलगिरी, सुबाभूळ किंवा वेडी बाभूळ असेल, तर पावसाआधी झाडाखालचा पाला ओढून घ्या.

नीलगिरीच्या पानात उडनशील तेल आणि फेनॉलिक आम्लं असतात, सुबाभळीच्या पानात मिमोसिन. पाला कोरडा असेतो फारसं बिघडत नाही. पहिला पाऊस पडला की चहा उतरावा तसा त्याचा अर्क उतरतो आणि बी पडतं त्याच वरच्या थरात मुरतो. मग उगवण विरळ होते, रोपाचं मूळ आखूड राहतं. बारीक बियांना हा मार अधिक. आपण मात्र बियाणेवाल्याच्या नावाने बोटं मोडतो! ओल टिकली की जमिनीतले जिवाणू ही द्रव्यं हळूहळू फोडतात. म्हणून झाडालगतच्या पट्ट्यात पहिल्या सरीवर पेरू नका, दोन-तीन चांगले पाऊस जाऊ द्या.

खरं तर सगळं खापर पाल्यावर फोडणंही बरोबर नाही. सावली असते, मुळं पाणी ओढतात. नक्की काय नडतंय ते घरीच बघता येतं. एका कुंडीत झाडाखालची वरची माती भरा, दुसरीत शेताच्या मधली. दोन्हींत सारखेच मूग टाका, सारखं ऊन-पाणी द्या. आठवड्याने रोपं उपटून मुळं शेजारी ठेवून पाहा. झाडाखालच्या मातीतली मुळं खुरटी दिसली तर पाल्याचा संशय पक्का. दोन्हीकडे सारखीच दिसली, तर दुखणं सावलीचं नाहीतर मुळांचं. मुळांसाठी झाड आणि पीक यांच्यामध्ये दोन-तीन फूट खोल चर खणा. पालाही त्यातच अडकतो. चर बुंध्याला अगदी चिकटून मात्र नको, वादळात झाड आडवं होईल. सावलीसाठी खालच्या फांद्या छाटल्या की पुरे.

गोळा केलेला पाला जाळू नका. शेण आणि हिरवा कचरा मिसळून ढीग करा, ओलसर ठेवा, अधूनमधून वरखाली करा. पानाचा आकार ओळखू येईनासा झाला आणि मातीचा वास यायला लागला की ते खत वाफ्यात टाकायला हरकत नाही. नीलगिरीचा कच्चा पाला मात्र रोपांभोवती आच्छादन म्हणून पसरू नका.