इंटेलच्या ग्राफिक्समध्ये जावं का?

चि. सोनू,


तुझा मेसेज वाचला, ताईचा फोनही येऊन गेला. बेंगळुरूला इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या टीमकडून बोलावणं आलंय आणि घरात सगळ्यांचं एकच, "बुडत्या कंपनीत कशाला जातेस?" ताईशी मी वाद घातला नाही. पण माझी इतकी वर्षं ड्रायव्हर तपासण्यातच गेली आहेत, तेव्हा तुला जरा सविस्तर लिहिते.

घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे. २०२४ मध्ये इंटेलला जवळजवळ १९ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्या ऑगस्टमध्ये सुमारे १५ हजार माणसं कमी करायचं जाहीर झालं, लाभांश थांबला, आणि डिसेंबरात सीईओ पॅट गेल्सिंगर पायउतार झाले. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या जागी लिप-बू टॅन आले, तरी कपात चालूच राहिली.

ग्राफिक्स कार्डाचा हिशेब तर त्याहून बिकट आहे. इंटेलच्या आर्क बी५८० चंच बघ. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलं, १२ जीबी मेमरीसकट. तेव्हा समोर होतं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०, २९९ डॉलर आणि ८ जीबी. परीक्षकांनी बी५८० डोक्यावर घेतलं, ते योग्यच होतं. पण आता आतली चिप मोज. ४०६० ची १५९ चौरस मिलिमीटर, बी५८० ची २७२. दोन्ही टीएसएमसीकडेच बनलेल्या, ५ नॅनोमीटरच्याच घराण्यातल्या प्रक्रियेवर. ३०० मिलिमीटरच्या एका वेफरवर, कडेची नासाडी मोजलीच नाही तर, एनव्हिडियाच्या चिप बसतात सुमारे ४४० आणि इंटेलच्या २६०. म्हणजे सिलिकॉन जास्त, मेमरी जास्त आणि भाव कमी. गिऱ्हाइकाची चंगळ आहे, पण मार्जिन उरणार कुठून? एनव्हिडियाने मनात आणून पन्नास डॉलर उतरवले तर इंटेलला आणखी उतरायला जागाच नाही.

आणि तरीही मला विचारशील तर खरी अडचण चिपची नाही. ती तुझ्या टीमच्या कामाची, म्हणजे ड्रायव्हरची आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ए७७० आलं तेव्हा नवे गेम बरे चालायचे आणि जुन्यांत ते धापा टाकायचं. डायरेक्टएक्स १२ मध्ये बरंचसं काम गेम लिहिणाराच करतो. ९ आणि ११ मध्ये तो भार ड्रायव्हरवर असतो. एनव्हिडिया आणि एएमडीकडे प्रत्येक जुन्या गेमसाठी वर्षानुवर्षं केलेली डागडुजी साठलेली आहे. इंटेलने डायरेक्टएक्स ९ साठी वेगळा ड्रायव्हर न लिहिता त्या कॉल्सचं १२ मध्ये रूपांतर करायचं ठरवलं. परिणाम काय, तर 'काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह'सारखा जुना, हलका गेम अडखळू लागला. फेब्रुवारी २०२३ पर्यंतच्या ड्रायव्हरांनी त्यात ठळक सुधारणा झाली. कार्ड तेच, सिलिकॉनला कुणी हातही लावला नव्हता.

बी५८० च्या वेळी दुसरंच निघालं. नव्या, ताकदवान प्रोसेसरवर झकास, पण चार-पाच वर्षांपूर्वीचा मध्यम प्रोसेसर लावला की फ्रेम गळायला लागतात, कारण ड्रायव्हर प्रोसेसरचा वेळ फार खातो. शिवाय रिसायझेबल बारची सोय नसलेला मदरबोर्ड असला तर कार्ड जवळजवळ वायाच जातं. आता सांग, स्वस्तातलं कार्ड घेतं कोण? पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन उभी राहा. जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड घालून आणखी दोन-तीन वर्षं काढू पाहणारा पोरगाच ते घेतो. ज्याच्यासाठी कार्ड काढलं, नेमकं त्याच्याच घरी ते उणं पडतं. आणि माल परत आला की दुकानदाराने परीक्षणांतले ग्राफ बघून का तो पुन्हा ठेवावा? परीक्षणं करणारे बहुधा सगळ्यात महागडा प्रोसेसर लावून मोजतात, म्हणून हे उशिरा बाहेर आलं. या दुखण्यावर काम करायला मिळालं तर ते सोडू नकोस. सगळं सुरळीत असलेल्या टीममध्ये पहिली दोन वर्षं तुझ्या हाती बटणांचे रंग येतील.

तुझा दादा एएमडीचा दाखला देतो, २०१५ मध्ये दोन डॉलरच्या खाली गेलेला शेअर आणि पुढे सीईओ लिसा सू यांनी काय केलं ते. त्याला सांग, एएमडीला तगवलं प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या चिपनी आणि वर काढलं २०१७ नंतरच्या रायझेनने. एटीआय विकत घेऊन वीस वर्षं होत आली तरी कार्डांत ती एनव्हिडियाच्या मागेच आहे. तेव्हा आर्क कार्ड पाच वर्षांत बाजी मारेल असं तुला कुणी सांगितलं तर ऐकून घे आणि चहा पी.

इंटेलचा इतिहास मात्र नीट वाच. १९९८ मध्ये आय७४० हे ग्राफिक्स कार्ड आलं आणि दीड वर्षाच्या आतच गुंडाळलं गेलं. पुढे लॅरबी या ग्राफिक्स चिपचा केवढा गाजावाजा झाला, आणि डिसेंबर २००९ मध्ये कार्ड म्हणून ते रद्द! २०१७ मध्ये ग्राफिक्ससाठी राजा कोडुरींना एएमडीकडून आणलं. ए७७० बाजारात येऊन सहा महिने होतात न होतात तोच, मार्च २०२३ मध्ये तेही गेले. धरसोड ही या कंपनीची जुनी खोड आहे आणि मला तोट्यापेक्षा तिचीच धास्ती वाटते. पण आय७४० मधलं ग्राफिक्स १९९९ च्या ८१० चिपसेटमध्ये जाऊन बसलं, हेही विसरू नकोस. आजसुद्धा बी५८० ची एक्सई२ रचना आधी लूनर लेक लॅपटॉपमध्ये आली, कार्ड मागाहून. उद्या कार्डं बंद झाली तरी लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र उमटवायला ड्रायव्हर लागणारच. तुझ्या कामाचा आधार तो आहे.

या आधारालाही सप्टेंबर २०२५ मध्ये एक तडा गेलाय. एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं आणि सोबत इंटेलच्या काही पीसी प्रोसेसरांत एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स बसवायचंही ठरलं. आपलं ग्राफिक्स चालूच राहील असं इंटेल म्हणते. म्हणेलच.

माझं मत, जा. मात्र तीन वर्षांचा हिशेब धरून जा, जन्माचा नको, आणि बेंगळुरूला लगेच फ्लॅटबिट बुक करू नकोस. इंटेलचे शेअर घेऊ का, असंही विचारलंस. मुळीच नको. पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीवर टांगलीस तर कपातीच्या दिवशी दोन्हीकडून मार बसेल. ग्राफिक्सचं व्हल्कन एपीआय पक्कं कर, लिनक्सवरच्या मेसामध्ये इंटेलचा ड्रायव्हर सगळ्यांसाठी खुला आहे तो आतापासून वाचायला लाग. तिथे तुझ्या नावाने गेलेला पॅच कंपनी सोडलीस तरी दिसत राहतो.

मुलाखतीत शेवटी "काही विचारायचंय का?" म्हणतील, तेव्हा पगाराचा विषय काढू नकोस. २०२२ च्या ए सिरीज कार्डांच्या ड्रायव्हरवर आज किती माणसं आहेत, ते विचार. जुन्या गिऱ्हाइकासाठी माणसं ठेवली असतील तर कंपनीचा इरादा टिकण्याचा आहे. आकडा सांगितला तर मला कळव, आणि सांगायचं टाळलं तरी कळव. ताईशी मी रविवारी बोलते.

तुझी,
मावशी