रंगीत ठोकळ्याचे कोडे

हा फिरता ठोकळा माझ्या मामाने पुण्याच्या तुळशीबागेतून आणला. हंगेरी देशातील रुबिक नावाच्या शिक्षकांनी तो १९७४ साली बनवला.

३ × ३ × ३ म्हणजे २७ तुकडे, असे वाटते ना? पण मोजा. मधले ६, कडेचे १२, कोपऱ्याचे ८. झाले २६! पोटात तुकडा नाही, नुसता आस आहे.

बाजूचा मधला तुकडा जागा सोडत नाही. मधे पांढरा असेल तर ती बाजू पांढरीच होणार. म्हणून आधी मधला रंग बघायचा, मगच फिरवायचे. काहीजण रंगाचे कागद काढून परत चिकटवतात. त्याने ठोकळा जुळतो, पण डोके चालत नाही.

आई म्हणते, "खेळ पुरे, अभ्यास कर." पण आई, २७ नाही २६ आहेत, हे मोजूनच कळले ना?

— इयत्ता चौथी