मोतोको नंबर अकरा : न समजणारी मांगा कशी वाचावी?

'घोस्ट इन द शेल' हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना मामोरू ओशीच्या १९९५ च्या अ‍ॅनिमेशनपटामुळे माहीत असतं. मूळ कथा मात्र मासामुने शिरो या जपानी चित्रकाराच्या मांगाची, म्हणजे चित्रकथेची. ती १९८९ पासून 'यंग मॅगझिन'मध्ये क्रमशः येत होती. तिचा दुसरा भाग 'मॅन-मशीन इंटरफेस' २००१ साली पुस्तकरूपात आला. पहिला भाग एका बैठकीत संपवणारा भला माणूसही या दुसऱ्या भागाच्या विसाव्या पानावर डोकं धरून बसतो! त्याच्यासाठी हा छोटासा अभ्यास.

आधी एक घोळ निस्तरू. २००४ चा 'इनोसन्स' हा सिनेमा नावात २ आकडा लावत असला, तरी तो या पुस्तकावर बेतलेला नाही. त्याचा धागा पहिल्या मांगातल्या एका प्रकरणाचा आहे. त्यामुळे सिनेमा बघून पुस्तक समजेल ही आशा सोडा.

पायरी पहिली : मागच्या भागाचा शेवट पक्का करा. मोतोको कुसानागी ही सेक्शन ९ ची अधिकारी. तिचं जवळजवळ सगळं शरीर यांत्रिक. 'पपेट मास्टर' हा नेटवर्कमध्ये जन्मलेला आणि स्वतःला सजीव म्हणवणारा प्रोग्रॅम. शेवटी दोघं एकमेकांत विलीन होतात. दुसरा भाग त्यानंतर साडेचार वर्षांनी, २०३५ साली घडतो. नायिकेचं नाव आता मोतोको आरामाकी. आडनाव जुन्या साहेबांचं, नोकरी मात्र पोसायडन इंडस्ट्रियल या बड्या कंपनीच्या सुरक्षेची. वाचक इथेच पहिल्यांदा घसरतो, कारण तो जुन्या मोतोकोला शोधत राहतो. ही ती नव्हे. ही तिच्या वंशातली एक, अकरावी.

ऑपरेटिंग सिस्टिम शिकलेल्यांना फोर्क आठवेल. एका प्रोसेसपासून दुसरी निघते, तिला आधीची मेमरी मिळते आणि मग दोघी आपापल्या वाटेने जातात. पण हे उदाहरण इथपर्यंतच पुरतं. पपेट मास्टरला नुसत्या कॉप्या नको होत्या. सगळ्या कॉप्या सारख्याच असतील तर एक व्हायरस सगळ्यांना संपवेल, हा त्याचा मुद्दा. म्हणून त्याला मिलन हवं होतं. त्यातून निघालेल्या मोतोको एकसारख्या नाहीत, आईसारख्या दिसणाऱ्या लेकी वेगळ्या निघाव्यात तशा. आणि त्यांचं आपसात पटेलच असंही नाही.

पायरी दुसरी : प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारा, "आत्ता ती कोणत्या शरीरात आहे?" नायिका दूरवरची यांत्रिक शरीरं वापरते, आपण एका जागी बसून दुसऱ्या मशिनवर लॉगिन करतो तशी. मधूनच ती सायबरस्पेसमध्ये शिरते. वहीत तीन रकाने आखा : ठिकाण, शरीर, काम. समासातल्या तांत्रिक टिपा पहिल्या वाचनात सरळ गाळा. त्या मजेदार असतात, पण लिंक तोडतात.

पायरी तिसरी : गुन्हा विसरू नका. कथेची सुरुवात होते डुकरांपासून! माणसाचे क्लोन केलेले अवयव डुकरांच्या शरीरात वाढवणाऱ्या केंद्रावर हल्ला होतो आणि मोतोको तपासाला लागते. एवढी धावपळ एका दिवसातली आहे. हे लक्षात ठेवलं की निम्मा गुंता सुटतो.

पायरी चौथी : तामाकी तामाईकडे लक्ष द्या. ही अतींद्रिय शक्तीची तपासनीस. ती येते तेव्हा कथा सर्किटमधून थेट अध्यात्मात उडी मारते. बरेच वाचक इथे पुस्तक मिटतात. पण नीट पाहिलं तर मोतोको आणि तामाकी एकाच प्रश्नाच्या मागे आहेत. एक यंत्रातून, दुसरी ध्यानातून. माणूस म्हणून ओळखावं असं नेमकं काय उरतं?

माझ्या मते पुस्तकाचं मर्म इथेच आहे. डुकराच्या पोटात वाढलेलं यकृत ज्याला बसवलं, त्याचंच झालं का? शरीर भाड्याचं, आठवणी वारशाने आलेल्या, नावसुद्धा दहा जणींनी आधी वापरलेलं, मग 'मी' म्हणणारी ही कोण? शिरो उत्तर देत नाही. तो आपल्याला त्याच गोंधळात उभं करतो, ज्यात त्याची नायिका उभी आहे. म्हणजे पान कळत नाही तेव्हा दर वेळी दोष आपल्या डोक्याचा नसतो. काही वेळा तोच कथेचा विषय असतो.

आपल्याकडे एका माणसाला रोल नंबर, मेस नंबर, खोली नंबर, लॉगिन आयडी असे चार नंबर असतात आणि तरी तो माणूस एकच आहे याची आपल्याला खात्री असते. मोतोकोकडे ती खात्री नाही. तिचा दिवस तिच्याबरोबर काढून बघा. दुसऱ्या वाचनाला वही मात्र जवळ असू द्या!